एक्समूरचा हिवाळा आणि तेथील तट्टे

इंग्लंडच्या नकाशावर नैर्ऋत्येकडे पाहिले तर समुद्रात लांबवर घुसलेले एक टोक दिसते. त्या टोकाच्या उत्तर अंगास, सॉमरसेट आणि डेव्हन ह्या दोन परगण्यांच्या सीमेवर, एक्समूर नावाचे पठार आहे. त्याचा विस्तार सुमारे ६९० चौरस किलोमीटर असून १९५४ साली त्यास राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. 'मूर' ह्या शब्दास मराठीत नेमका प्रतिशब्द नाही. माळ म्हणावे, तर आपला माळ कोरडा आणि खडकाळ असतो. हा माळ ओला, पायाखाली दबणारा, हीदरच्या काळपट झुडपांनी व वाळलेल्या नेच्यांनी झाकलेला. त्याचे सर्वांत उंच शिखर डंकरी बीकन अवघे ५१९ मीटर उंच आहे. सह्याद्री पाहिलेल्या माणसास ती टेकडीच वाटावी. पण उत्तरेस हे पठार थेट समुद्रावर उभे आहे आणि अटलांटिक महासागराकडून येणाऱ्या वाऱ्यास आडवे जाणारे तेथे काही नाही. ज्या एक्स नदीवरून ह्या प्रदेशास नाव पडले, ती उत्तर किनाऱ्यापासून जेमतेम पाच मैलांवर उगम पावते. परंतु जवळच्या समुद्राकडे पाठ फिरवून ती दक्षिणेचा दूरचा समुद्र गाठते. पश्चिम किनाऱ्याजवळ जन्मून पूर्वेस जाणाऱ्या आपल्या कृष्णामाईची येथे सहज आठवण होते.

एका जानेवारीत आठ-दहा दिवस ह्या भागात राहण्याचा योग मला आला. माझे एक जुने सहाध्यायी तिकडच्या एका धर्मग्रामाचे काम पाहतात. त्यांच्याकडे उतरलो होतो. बेळगाव-खानापूरकडच्या माणसास थंडी अगदीच परकी नसते. पहाटेचे दंव आणि अंगणातली शेकोटी आपण सर्वांनी अनुभवलेली आहे. पण आपली थंडी सूर्य वर आला की ओसरते. एक्समूरवर जानेवारीत सूर्य आठ वाजून गेल्यावर उगवतो आणि साडेचारच्या सुमारास मावळतो. मधल्या वेळीही तो बहुधा ढगांआडच असतो. पारा शून्याच्या वर दोन-तीन अंश असला तरी ओला वारा लोकरीच्या कोटातून आत शिरतो. अशा एका सकाळी विन्सफर्ड गावाकडून वरच्या टेकडीवर चढून गेलो. जमिनीवर बर्फाचा पातळ थर होता आणि त्यावर दहा-बारा तट्टे शांतपणे चरत होती. ह्यांचा गोठा कोठे असेल, असा प्रश्न कोणाही शेतकरी माणसाच्या मनात यावा. त्याचे उत्तर असे की त्यांना गोठा नाही. उन्हाळा असो वा हिवाळा, दिवस असो वा रात्र, हा उघडा माळ हेच त्यांचे घर.

एक्समूरचे तट्टू खांद्यापाशी साधारण चार फूट भरते. अंगाने ते भरदार, छातीने रुंद, पायांनी आखूड व मजबूत असते. रंग तपकिरी; परंतु तोंडाभोवती व डोळ्यांभोवती पीठ माखल्यासारखी फिकट छटा असते, आणि तीच ह्या जातीची पहिली खूण. डोळ्यांच्या पापण्या जाड व मांसल असतात, त्यामुळे पावसाचे पाणी डोळ्यांत न जाता बाजूने ओघळते. शेपटीच्या बुंध्याशी आखूड केसांचा एक पंखा असतो. तट्टू वाऱ्याकडे पाठ करून मान खाली घालून उभे राहिले की ह्या पंख्यावरून पाणी व बर्फ खाली निथळतात, आणि पोटाखालची व मांड्यांमधली नाजूक जागा कोरडी राहते. माणसाने पागोळ्यांची सोय करून छप्पर घातले, तसे हे छप्पर निसर्गाने त्या जनावराच्या अंगावरच घातले आहे.

ह्या छपराची रचना जवळून पाहण्यासारखी आहे. उन्हाळा सरत आला आणि दिवस लहान होऊ लागले की तट्टाच्या अंगावर नवे केस येऊ लागतात. त्यांत दोन थर असतात. आतला थर लोकरीसारखा दाट व मऊ. बाहेरचा थर लांब, राठ आणि तेलकट. पाऊस बाहेरच्या थरावरून घसरून जातो व आतला थर ऊब धरून ठेवतो. थंडी वाढली की केस ताठ उभे राहतात आणि त्यांच्यामध्ये हवा कोंडली जाते. त्या टेकडीवरील तट्टांच्या पाठीवर बर्फाचा पांढरा थर तसाच साचलेला होता. पाहणाऱ्यास तो दृश्यच केविलवाणा वाटतो. खरे पाहता तो बर्फ वितळत नाही हीच चांगली गोष्ट आहे. शरीराची ऊब बाहेर निसटत असती तर तो केव्हाच वितळून गेला असता. पाठीवर बर्फ साचलेले तट्टू आतून कोरडे व उबदार असते.

केसांचे छप्पर ऊब राखते. पण ती ऊब मुळात येते कोठून? माणूस चुलीजवळ बसतो. तट्टाची चूल त्याच्या पोटात असते. घोड्याच्या मोठ्या आतड्यात असंख्य सूक्ष्म जंतू राहतात. गवत, काड्या, वाळलेला पाला ह्यांचा चोथा ते सावकाश कुजवतात व त्या क्रियेत उष्णता निर्माण होते. म्हणूनच घोडा दिवसाचे चौदा-सोळा तास खात असतो आणि त्याला थोडेथोडे, पण सतत खावे लागते. हिवाळ्यात मूरवर हिरवे गवत फारसे उरत नाही. तेव्हा ही तट्टे राठ वाळके गवत खातात, इतकेच काय, गॉर्स नावाचे काटेरी झुडूपही चावतात. पोटात चोथा आहे, अंग कोरडे आहे आणि वारा झोंबत नाही, अशा स्थितीत पूर्ण वाढीचे हिवाळी केस असलेला धडधाकट घोडा शून्याखाली दहा अंशांची थंडीही फारशी मनावर घेत नाही. कोरड्या थंडीपेक्षा पाऊस आणि वारा ह्या जोडगोळीचे त्यास अधिक भय असते. केस मुळापर्यंत भिजले व चिकटले की छप्पर गळू लागते, आणि मग शून्याच्या वरच्या थंडीतही जनावर कुडकुडते.

माझ्या मित्राच्या ओळखीने पायथ्याच्या एका शेतावर मला दोन सकाळी घालवता आल्या. तेथील वृद्ध शेतकऱ्यांची काही तट्टे वर मूरवर असतात व काही खालच्या कुंपणातल्या कुरणात. हिवाळ्यात त्यांना सर्वांत अधिक त्रास कशाचा होतो असे विचारताच ते हसून म्हणाले, "दयाळू माणसांचा, फादर." बर्फ पडला की शहरातले लोक मोटारीने मूर पाहावयास येतात. पाठीवर बर्फ घेऊन उभी असलेली तट्टे पाहून त्यांचे मन कळवळते आणि घरी जाऊन ते दूरध्वनी करतात, 'तुमच्या तट्टांना निदान एक पांघरूण तरी घाला!' काही जण बरोबर आणलेला पाव, सफरचंदे, कापलेल्या हिरवळीचे भारे रस्त्याच्या कडेला टाकून जातात.

ह्या दयेचे परिणाम मात्र दयेसारखे नसतात. जाड झूल घातली की तिच्या वजनाखाली उभे केस चपटे होतात आणि त्यांच्यातली हवा निघून जाते. झूल ओली झाली किंवा सरकली तर थंडी दुप्पट लागते. खाली घाम व चिखल साचून कातडीला खपल्या धरतात. पाव किंवा कापलेली हिरवळ एकदम पोटात गेली तर घोड्याला पोटशूळ उठतो. आणि घोड्यास ओकता येत नसल्याने तो पोटशूळ जिवावर बेतू शकतो. त्याहून वाईट असे की रस्त्यावर खाणे मिळते हे तट्टू एकदा शिकले म्हणजे ते रस्त्याशीच घुटमळू लागते. हिवाळ्यात रस्ते निसरडे आणि अंधार लवकर. तपकिरी तट्टू अंधारात मोटारीच्या दिव्यांत अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. "मूरवरची थंडी माझ्या तट्टांना सोसते," ते म्हणाले, "त्यांच्या हातातला पाव सोसत नाही."

माणसाचे हे हित करणे ह्या जातीस नवे नाही. १०८६ सालच्या डूम्सडे नावाच्या राजदप्तरातही ह्या भागातील मोकळ्या घोड्यांची नोंद आहे. पुढे शतकानुशतके एक्समूर हे राजाच्या शिकारीचे राखीव रान होते. १८१८ साली सरकारने ते जॉन नाईट नामक एका धनिक कारखानदारास विकले. नाईटसाहेबांनी माळ नांगरला, कुंपणे घातली, आणि तट्टांचीही सुधारणा मनावर घेतली. अरबस्तान-आफ्रिकेकडील उंच घोड्यांशी त्यांचा संकर केला. शिंगरे उंच व देखणी निपजली. परंतु त्यांच्या अंगावर मूरचे छप्पर नव्हते. एक्समूरचा हिवाळा उघड्यावर काढणे त्यांना जमेना. त्याच वेळी रानाचे मावळते अधिकारी सर थॉमस ऍकलंड ह्यांनी जुन्या रक्ताची सुमारे तीस तट्टे निवडून आपल्या विन्सफर्डकडील जमिनीवर नेली आणि त्यांत बाहेरचे रक्त मिसळू दिले नाही. त्यांच्या अंगावर नांगराच्या, म्हणजे जहाजाच्या लंगराच्या, आकाराचा डाग देत असत. विन्सफर्डच्या टेकडीवरील कळपास आजही 'लंगराचा कळप' असेच म्हणतात.

१९२१ साली डल्व्हर्टन गावी ह्या जातीच्या रक्षणासाठी एक मंडळ स्थापन झाले. पण दुसऱ्या महायुद्धाने सारे विस्कटले. मूरवर सैनिकांचे शिक्षण चालू झाले, कुंपणे व फाटके उघडी पडली. कित्येक तट्टे गोळ्यांना बळी पडली, कित्येक चोरून मांसासाठी कापली गेली. युद्ध संपले तेव्हा ह्या जातीची अवघी पन्नासच्या आसपास जनावरे शिल्लक होती असे सांगतात. ज्यांना हजार हिवाळ्यांनी मारले नाही त्यांना माणसाच्या सहा वर्षांच्या वेड्या उद्योगाने संपवत आणले होते. त्या वेळी मेरी एदरिंग्टन ह्या बाईंनी पुढाकार घेतला. त्यांनी आसपासच्या शेतकऱ्यांना गोळा केले, उरलेल्या घोड्या शोधल्या, कुरणांची फाटके दुरुस्त करविली आणि कळप पुन्हा उभे केले. आज ह्या जातीची काही हजार जनावरे जगात आहेत. तरीही तिचे नाव दुर्मीळ जातींच्या यादीतून निघालेले नाही.

आता कोणी म्हणेल की थंडी त्यांना सोसते तर मग माणसाने करावयाचे ते काय? फाटक लावून घ्यावे आणि शेकोटीशी जाऊन बसावे. हा दुसरा टोकाचा विचारही तितकाच घातक आहे. मूरवरील तट्टे मोकळी दिसली तरी बेवारशी नाहीत. प्रत्येकाचा कोणी ना कोणी धनी आहे. दरवर्षी पानगळीच्या दिवसांत सगळे शेतकरी घोड्यांवरून व पायी निघून कळप खाली हाकून आणतात. शिंगरे आयांपासून वेगळी करतात, त्यांची तपासणी व नोंदणी होते. पूर्वी अंगावर डाग देत, आता कातडीखाली ओळखीची बारीक चिप बसवतात. आणि त्याच वेळी प्रत्येक जनावराकडे पाहून एक गोष्ट ठरवावयाची असते: हे जनावर येता हिवाळा वर काढील काय? जे काढील ते पुन्हा वर जाते. ज्याच्याविषयी शंका आहे ते खालच्या कुरणात राहते, आणि तेथे मात्र माणसाचे काम रोज, सुट्टीचा दिवस न धरता, चालू होते.

ते काम मी पाहिले. सकाळी साडेसातला, अजून अंधार असताना, शेतकरीबुवा हाती कंदिलासारखा विजेचा दिवा व खांद्यावर कुऱ्हाड घेऊन निघाले. पहिले काम पाण्याचे. दगडी हौदावर बोटभर बर्फ धरले होते. ते फोडून तुकडे चाळणीने बाहेर काढून टाकले. कारण पाण्यात राहिले तर ते लगेच पुन्हा सांधतात. तीनशे किलो वजनाच्या तट्टाला सुक्या वैरणीवर असताना दिवसाला पंधरा ते पंचवीस लिटर पाणी लागते. कोवळ्या गवतात पाणी असते, वाळल्या गवतात ते नसते; म्हणून हिवाळ्यात पाण्याची गरज घटते ही समजूत चुकीची आहे. फार गार पाणी जनावर कमी पिते, आणि पाणी कमी पडले की सुकी वैरण आतड्यात घट्ट बसून पोटशूळ होतो. भोवती बर्फ आहे, तोच चाटून तहान भागेल, ह्या भरवशावर राहू नये. सायंकाळी अंधार पडण्यापूर्वी तोच हौद पुन्हा फोडावयाचा. शेतकरीबुवा म्हणाले, "खाणे एक वेळ उशिरा मिळाले तर चालेल, पाणी नाही."

दुसरे काम वैरणीचे. तट्टाच्या वजनाच्या शेकडा दोनच्या हिशेबाने प्रत्येकी सुमारे सहा किलो सुके गवत घालतात. वारा-पाऊस जास्त असेल त्या दिवशी थोडे अधिक. थंडीत चंदी म्हणजे धान्य वाढवण्याची अनेकांस सवय असते. पण पोटातली चूल पेटती ठेवते ती गवताची काडी. धान्याने ते काम तितकेसे होत नाही, आणि ह्या काटक जातीस जास्त धान्य दिले तर खुरांच्या आतल्या भागास दाह होऊन जनावर कायमचे लंगडे होण्याचा धोका असतो. गवत टाकण्याचीही रीत आहे. कुरणात सात तट्टे होती. शेतकरीबुवांनी ढीग घातले आठ, आणि तेही एकमेकांपासून चांगले दूर. कळपात दांडगी घोडी असतेच. ती एका ढिगावरून दुसऱ्यास हाकलते, ते तिसऱ्यास. एक ढीग जास्त असला तर सर्वांत गरीब जनावरासही कोठे तरी तोंड घालावयास जागा उरते. गवतही निवडून घ्यावे लागते. बुरशीचे गवत घोड्याच्या छातीला बाधते, आणि रॅगवर्ट नावाचे पिवळ्या फुलांचे रान-रोप वाळून त्यात आले तर त्याच्या विषाने काळीज, म्हणजे यकृत, निकामी होते.

तिसरे काम मला सर्वांत शिकण्यासारखे वाटले. जनावरे खाण्यात गुंतली असता शेतकरीबुवा एकेकाजवळ गेले आणि हातमोजा काढून त्यांनी उघडा पंजा बरगड्यांवर दाबून फिरवला. हिवाळी केसांमुळे तट्टू नेहमीच गुबगुबीत दिसते. आत हाडे वर आली असली तरी डोळ्यास ते कळत नाही, हातास कळते. बरगड्या बोटांना लागाव्या, पण टोचू नयेत. कण्याच्या दोन्ही बाजू भरलेल्या असाव्यात. नुसते कान गार लागले म्हणून घाबरावयाचे नसते. हात कोपराच्या मागे, केसांच्या आत सरकवून कातडी उबदार आहे की नाही ते पाहावयाचे. अंगाला थरथर आहे काय, कळपापासून दूर एकटे उभे आहे काय, शेण नेहमीसारखे पडले आहे काय, हे सारे त्याच फेरीत नजरेखालून जाते. त्यांचा खरारा मात्र ते जपून करतात. वाळलेला चिखल झटकावा एवढेच. खसखसून घासले तर केसांवरचे तेल निघून जाते आणि छप्पर गळू लागते.

उरलेली कामे आडोशाची आणि पायांची. कुरणाच्या वाऱ्याकडील बाजूस दगडमातीचा उंच बांध आणि त्यावर दाट झाडांची वई होती; खेरीज तीन बाजूंनी बंद व एका बाजूने उघडे असे एक छप्पर, पाठ वाऱ्याकडे करून उभारलेले. जनावर त्यात शिरलेच पाहिजे असा आग्रह नसतो. बहुतेक वेळा ती बांधाच्या आडोशालाच उभी राहतात. पण गारठ्याचा पाऊस लागला की छपराची वाट त्यांना ठाऊक असते. फाटकापाशी चिखल होऊ नये म्हणून तेथे खडी पसरलेली होती, कारण सतत चिखलात उभे राहिल्याने पायांच्या कातडीला भेगा व खपल्या पडतात. नाल हिवाळ्यापूर्वीच नालबंदाकडून काढवून घेतात. नाल असलेल्या खुरात बर्फाचा गोळा घट्ट बसतो, आणि जनावर उंच खडावा घातल्यासारखे लटपटत चालते.

काटकपणासही मर्यादा असते हे त्या प्रदेशास १९६२-६३ च्या हिवाळ्याने शिकवले. १९६२ च्या नाताळाच्या दुसऱ्या दिवशी, २६ डिसेंबरला, बर्फ पडू लागले. २९ व ३० डिसेंबरला नैर्ऋत्य इंग्लंडवर हिमवादळ झाले आणि काही ठिकाणी वाऱ्याने ढकललेल्या बर्फाचे ढीग वीस फुटांपर्यंत गेले. मार्चच्या आरंभापर्यंत ते गोठलेपण सुटले नाही. इंग्लंडात १७४० नंतर इतका कडक हिवाळा झाला नव्हता. केस कितीही दाट असोत, गवतच बर्फाखाली गाडले गेल्यावर पोटातली चूल पेटणार कशाने? अशा वेळी जनावरांचे प्राण वाचतात ते त्यांच्यापर्यंत वैरण पोचवणाऱ्या माणसामुळे. जनावर काटक आहे एवढ्यावर विसंबून घरी बसणाऱ्याच्या हाती वसंतात काय लागते, हे सांगावयास नको.

त्या कुरणातल्या सात तट्टांपैकी एकीच्या अंगावर मात्र झूल होती. ती सत्तावीस वर्षांची घोडी होती. वीस हिवाळे तिने वर मूरवर काढले होते. दोन वर्षांपूर्वी तिचे दात झिजले. गवत ती चघळी व अर्धवट चघळलेला गोळा खाली टाकी. चावलेच जात नाही तर पोटात चोथा कोठून, आणि चोथा नाही तर ऊब कोठून? म्हणून तिला दिवसातून तीन वेळा पाण्यात भिजवून मऊ केलेला चारा देतात, आणि पावसाच्या दिवसांत झूल घालतात. ती झूल रोज सकाळ-संध्याकाळ काढून खाली हात फिरवतात. खांद्यावर घासले आहे काय, आत ओल आली आहे काय, ते पाहतात. दर वर्षी पानगळीच्या दिवसांत गुरांच्या डॉक्टरांना बोलावून तिचा विचार पहिल्याने होतो. आणखी एक हिवाळा तिला सुखाने काढता येईल, की तिला यातनांतून सोडवणे हेच उचित? जानेवारीच्या चिखलात पडून राहण्यापेक्षा ऑक्टोबरच्या उन्हात शांत मरण बरे, असे तेथील जाणते शेतकरी मानतात. हा निर्णय कठीण असतो. ते सांगताना शेतकरीबुवांनी तोंड दुसरीकडे फिरवले होते.

मी त्यांना विचारले, "सहांना झूल नाही आणि हिला आहे, लोक ह्यावरूनही बोलत असतील?"

"बोलतात ना," ते म्हणाले. "पण फादर, झूल हिला हवी आहे म्हणून घातली. मला थंडी वाजते म्हणून नव्हे."

वाचकहो, त्या प्रदेशातून मी एवढे एक वाक्य बरोबर आणले असते तरी प्रवास सार्थकी लागला असता. आपल्याकडे तशी बर्फाची थंडी नाही. आपली भीमथडीची तट्टेही मोठी काटक म्हणून नाव कमावून होती, पण त्यांना हिवाळ्याची नव्हे तर उन्हाची व अपुऱ्या चाऱ्याची परीक्षा द्यावी लागे. तरी मृगापासून पुढे चार महिने आपले बैल, म्हशी, गाई पावसात भिजतात तेव्हा हाच हिशेब लागू पडतो. पाठीवर टाकलेले गोणपाट कोरडे आहे तोवर उपयोगी. चिंब भिजल्यावर ते तसेच राहिले तर जनावराची ऊब शोषून घेते. दावणीला भरपूर सुकी वैरण, पायाखाली कोरडी जमीन, वाऱ्याच्या बाजूस एक झाप, आणि रोज एकदा बरगड्यांवरून फिरलेला धन्याचा हात, एवढ्याने जे साधते ते सणाच्या दिवशी घातलेल्या भारी झुलीने साधत नाही. म्हातारा बैल, आजारी वासरू, नुकती व्यालेली गाय ह्यांची गोष्ट निराळी. त्यांना अधिक हवे असते, आणि ते कोणाला हवे हे रोज पाहणाऱ्यालाच कळते.

स्वतःला थंडी वाजली की दुसऱ्याच्या अंगावर पांघरूण घालावेसे वाटणे हे मनाच्या चांगुलपणाचेच लक्षण आहे; त्यास कोणी हसू नये. पण तेवढ्यावर थांबणारी दया मोटारीतून येते व मोटारीतूनच परत जाते. पहाटेच्या अंधारात हौदावरचे बर्फ फोडणारी दया निराळी. ती दुसऱ्याची गरज आधी नीट पाहते, आणि मग जे लागेल ते, तेवढेच, पण रोज करते.

एक्समूरवर फेब्रुवारी सरला की दिवस मोठे होऊ लागतात, आणि थंडी अजून असली तरी त्या वाढत्या उजेडाच्या इशाऱ्यानेच तट्टांचे हिवाळी केस गळू लागतात. कुंपणाच्या तारांवर, गॉर्सच्या काट्यांवर त्यांचे पुंजके लोंबत राहतात आणि पक्षी ते घरट्यांसाठी वेचून नेतात. एप्रिल-मेमध्ये शिंगरे जन्मतात. हिवाळ्यात बरगड्यांवरून थोडी उतरलेली घोडी नव्या गवतावर पुन्हा भरून येते. वरच्या कळपांची मोजणी होते, आणि जितकी तट्टे पानगळीत वर सोडली होती तितकीच खाली परत दिसली, की तेथील शेतकरी त्या वर्षाचा हिवाळा चांगला गेला असे म्हणतो.